आमरस, पुरणपोळी आणि आईची शुगर

ओवी_मिरज | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा लांबड लावतेय, सांभाळून घ्या.

आई ६९ वर्षांची, शुगर गेली १४ वर्षं. मागच्या महिन्यात एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८.१ आलं. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे "गोड बंद, भात बंद, आंबा बंद" सांगितलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला. आई घरी येऊन दोन दिवस गप्प होती.

येत्या रविवारी अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस दोन्ही असतं. बाबांच्या नावाने पान वाढतो, त्यांना रस फार आवडायचा. गेल्या वर्षी आईने पंगतीत सगळ्यांदेखत ताटावर हात आडवा धरला, "मला नको गं" म्हणाली. रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर बाई फ्रिजच्या उजेडात उभ्या आणि पातेल्यातून थेट ओगराळ्याने रस पिणं चाललंय. मला बघून ओगराळं पाठीमागे लपवलं. मी दिवा न लावता परत जाऊन झोपले.

यंदा तिला असं चोरून खायला लागू नये. गूळ चालतो ना? शुगर-फ्रीची पावडर घालून पुरण होतं का? आंबा अगदी थोडासुद्धा नाहीच का? अनुभव असतील तर लिहा. उपदेश नकोत, ते घरात भरपूर आहेत.

जुनाजाणता | सोमवार, रात्री १०:१५

गूळ बिनधास्त द्या. नैसर्गिक आहे. साखर हे विष, गूळ हे औषध. आमचे आजोबा रोज जेवणानंतर गुळाचा खडा खायचे, नव्वदीपर्यंत ठणठणीत. ते शुगर-फ्री गोळ्यांचं केमिकल मात्र अजिबात देऊ नका, त्याने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणालीय. आणि सकाळी कारल्याचा रस. मी पाच वर्षं घेतोय.

चिंचगूळ | सोमवार, रात्री १०:५०

माझ्या आयडीतच गूळ आहे, तेव्हा मला गुळाचा दुश्मन समजू नका. पण काका, तुमचे आजोबा तो खडा खाऊन दिवसभर नांगर धरत असतील. ओवीताईंच्या आई धरत नाहीत.

गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. थोडी खनिजं असतात, पण त्यांचा उपयोग व्हावा एवढा गूळ खाल्ला तर मीटरची पट्टी लाजेल. मध, खांडसारी, खजूर, नारळाची साखर, सगळे एकाच खानदानातले. आडनावं तेवढी वेगळी.

आता कॅन्सर. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन शाखेने अस्पार्टेमला (शुगर-फ्री गोळ्यांतला एक गोडवा) '२ बी' गटात टाकलं. त्याचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा'. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्यासुद्धा आहेत. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. अस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, तेव्हा चमचाभर साखरेच्या गोडीला साधारण २० मिलिग्रॅम लागतं. एवढी मर्यादा गाठायला दिवसाला शंभराहून जास्त गोळ्या चहात टाकाव्या लागतील. इतका चहा पिणारा माणूस पुण्यातसुद्धा सापडणार नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेने असंही सांगितलं की वजन कमी करण्यासाठी असले गोडवे वापरू नका. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. फॉरवर्डमध्ये नेमकी ती ओळ गळते.

खारवडी | सोमवार, रात्री ११:३०

ओवी, ओगराळ्याचा किस्सा वाचून आमची आत्या आठवली. ती लाडू देवघरात ठेवायची. देवाच्या डब्याला कोण हात लावणार!

मी स्वतः टाइप २, वय ४८, डोंबिवली. गेल्या वर्षी दंडावर तो सतत साखर मोजणारा सेन्सर लावून घेतला, १४ दिवसांचा. महाग पडला, पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पोट आतून बघितल्यासारखं वाटलं. खाल्ल्यावर साखर कुठवर चढली त्याचे माझे आकडे, माझ्या शरीराचे, प्रत्येकाला लागू होतीलच असं नाही:

सकाळी बशीभर पोहे, साखरेचा चहा आणि दोन टोस्ट: २३८. एकादशीला साबुदाण्याची खिचडी: २६१, आणि खाली यायला दुपार झाली. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा, मेथीची भाजी: १६४. तेच जेवण, शेवटी अर्धा हापूस कापून: १७८. आणि एका रविवारी दुपारी चारला रिकाम्या पोटी वाटीभर आमरस: २३३.

आंबा तोच. एकदा जेवणाच्या शेवटी कापून खाल्ला, एकदा रिकाम्या पोटी रस करून प्यायलो. (प्रमाणही दुप्पट होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

मला खरा धक्का चहाने दिला. ताई, आईंच्या आठवड्यात बाकी काय काय असतं तेही लिहा ना. एचबीए१सी म्हणजे दोन-तीन महिन्यांचा हिशेब. ८.१ म्हणजे सरासरी साखर १८५ च्या आसपास. नव्वद दिवसांतले सण चार. ८.१ त्या चार दिवसांनी आलं नसणार.

ओवी_मिरज | मंगळवार, सकाळी ७:०५

खारवडी, आईसमोर बसून लिहून काढलं. दिवसाला तीन चहा. "अर्धाच चमचा" म्हणते, मी आज प्रत्यक्ष बघितलं, दीड भरला. प्रत्येक चहाबरोबर दोन मारी, "ती काय, हलकी असतात". रात्री भात, कारण "पोळीने पोट जड होतं". संध्याकाळी कधी मधी भडंग.

खारवडी | मंगळवार, सकाळी ८:२०

घ्या. साडेचार चमचे साखर म्हणजे २२ ग्रॅमच्या आसपास. सहा मारींतून अजून २४-२५ ग्रॅम कार्ब, म्हणजे पोटात साखर होणारी कर्बोदकं. रोजचे ४५ ग्रॅम झाले, म्हणजे तीन फुलक्यांएवढे, आणि तेही तिच्या खिजगणतीत नाहीत! हापूसचा १०० ग्रॅम गर खाल्ला तर साधारण १५ ग्रॅम येतात. म्हणजे तुमच्या आई वर्षभर रोज ३०० ग्रॅम हापूसच्या गराएवढे कार्ब खातायत, आंब्याची चव न घेता.

चहातली साखर आधी काढा. इथे शुगर-फ्रीची गोळीच घाला, माझी काही हरकत नाही. पहिले आठ दिवस चव विचित्र लागते, मग साखरेचा चहा पाकासारखा लागायला लागतो.

आंबेवाला_देवगड | मंगळवार, दुपारी १:१०

आमच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळाला तेव्हा एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "अहो, जीआय जास्त असला तर मला कसा चालेल?" त्याला समजावताना माझी अर्धी दुपार गेली की हा जीआय भौगोलिक मानांकनाचा, डॉक्टरांचा वेगळा, खाल्ल्यावर साखर किती झपाट्याने चढते ते सांगणारा. डॉक्टरांचा म्हणाल तर आंब्याचा पन्नाशीच्या आसपास असतो, कमी ते मध्यम. पण फळ किती मोठं खाता त्याला तो आकडा काय करणार.

बागायतदार म्हणून एक सांगतो. तयार पॅकबंद रस आणू नका, त्यात बहुधा वरून साखर असते. आणि घरी करताना रसात साखर घालायची वेळ आली, तर आंबा चुकीचा घेतलाय.

शेवंता_न्यूजर्सी | मंगळवार, रात्री ८:०० (आमची सकाळ)

इकडे दुकानात गोडव्यांची आख्खी भिंत असते, मी एकेक करून सगळे पदार्थ नासवलेत, तेव्हा माझा अधिकार मान्य करा.

एरिथ्रिटॉल: बेसनाचे लाडू केले. दिसायला सुरेख. तोंडात टाकला की जिभेला गार, जणू लाडवात पुदिना घातलाय. शिवाय ते तुपात विरघळत नाही, दाताखाली कचकच. २०२३ मध्ये त्याचा आणि हृदयविकाराचा संबंध दाखवणारा एक अभ्यास आला, कारण सिद्ध झालं नाही, पण लाडू तसेही कोणी खाल्ले नव्हते, मी थांबले.

स्टीव्हिया: चहात बरं, जरा जास्त झालं की मागून कडवट, ज्येष्ठमध चघळल्यासारखं. शिऱ्यात अजिबात नको.

अ‍ॅल्युलोज: हे मला आवडलं. साखरेच्या ७० टक्के गोड, आणि साखरेसारखं तांबूस होतं. पण फार लवकर होतं! शंकरपाळ्या कढईत सोडल्या, झाऱ्या शोधेपर्यंत काळ्या. मंद आच आणि डोळा न हलवता तळल्या तर जमतात. मैदा मात्र मैदाच राहतो, हे विसरून मी बारा खाल्ल्या.

चिंचगूळ | मंगळवार, रात्री ८:४५

शेवंताताई, दंडवत.

श्रीखंडाचं मी सांगतो, कारण तिथे कृत्रिम गोडवा खरंच चालतो. ते शिजवायचं नसतं. अस्पार्टेम उकळलं की त्याची गोडी जाते, म्हणून खिरीत किंवा हलव्यात ते घालून उपयोग नाही, तिथे सुक्रालोज टिकतं. चक्क्याला मात्र काहीही चालतं.

फक्त एक होतं. साखर घातली की चक्का सैल होतो, चकाकी येते, चमच्यावरून सावकाश घरंगळतो. ती साखर काढली की चक्का आहे तसाच ढिम्म बसतो, घट्ट आणि निस्तेज. मी चार चमचे दूध घालून पुरणयंत्रातून दोनदा काढतो, केशर दुधात खलून, जायफळ नेहमीपेक्षा जरा जास्त. जायफळ-वेलदोड्याने जीभ फसते, कमी गोडही गोड लागतं. पाहुण्यांना सांगायचं नाही. सांगितलं की त्यांना लगेच "काहीतरी वेगळं" लागायला लागतं.

पुरणात पूर्ण पावडर नको. पुरणाला गूळ नुसता गोडीसाठी नसतो, तो शिजून पुरण बांधतो. गुळाशिवाय डाळ भुरभुरते आणि पोळी लाटताना फुटते. मी एकदा केलंय, तव्यावर पोळी कमी आणि डाळ जास्त होती. डाळीच्या निम्मा गूळ घाला आणि पोळी पुरीएवढी करा.

मडगांवकार | मंगळवार, रात्री ११:००

आमचें गोंय यात पहिलें! २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात देशात सगळ्यात जास्त मधुमेह गोव्यात, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४, एकूण १० कोटींवर माणसं. आमच्याकडे दोदोल आणि पातोळ्यांना दोष देतात, पण ते वर्षातून किती वेळा? शीत-कडी दोन्ही वेळा, भाताचा डोंगर आणि त्याला हुमणाचा ओढा. मी डोंगराची टेकडी केली, मासे दोन वाढवले. बायको म्हणते, खर्च वाढला.

परसदार | बुधवार, सकाळी ११:३०

मी वेगळ्या बाजूने लिहिते. माझी मुलगी ११ वर्षांची, टाइप १. तिला इन्सुलिनशिवाय भाकरीसुद्धा चालत नाही आणि इन्सुलिन घेऊन केकसुद्धा चालतो. तिच्या डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिलंय, १२ ग्रॅम कार्बला एक युनिट. वाढदिवसाला इतर आया तिच्यासाठी प्रेमाने "शुगर-फ्री" केक आणतात. मैदा तोच असतो, मोजायला मात्र कठीण, कारण वेष्टन फेकून दिलेलं असतं. आम्ही म्हणतो, साधाच केक द्या, तुकडा केवढा ते सांगा.

मोठ्यांनाही हे मोजायला शिकवत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. नुसतं "बंद" सांगतात.

ओवी, नेहमीची मोठी पुरणपोळी (कणीक २५ ग्रॅम, डाळ ३०, गूळ ३०) साधारण ६० ग्रॅमच्या वर कार्ब. चिंचगूळ म्हणतात तशी लहान (कणीक १५, डाळ २०, गूळ १०) केली तर ३२ च्या आसपास. म्हणजे दोन फुलके. त्या जेवणातला भात काढा, बसली हिशेबात. डाळ हरभऱ्याची, ती साखर सावकाश सोडते. वर तूप आहेच.

जुनाजाणता | बुधवार, दुपारी १२:१०

जेवण आहे का गणिताचा पेपर?

परसदार | बुधवार, दुपारी १२:१४

काका, पेपरच आहे. रोज पाच वेळा असतो आणि कॉपी करता येत नाही.

औषधवाली | बुधवार, रात्री १०:००

दुकान बंद करून लिहितेय. मी मेडिकल चालवते, डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्या बदलायचं काही सांगणार नाही. पण या धाग्यात सगळे साखर चढण्याबद्दल बोलतायत, उतरण्याबद्दल कोणीच नाही.

आमच्या गल्लीतला प्रसंग. एका आजींना दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीबाही बोलायला लागल्या. सकाळची गोळी घेतली होती, जेवायला उशीर झाला होता. सुनेने धावत जाऊन गोड चहा करून दिला. वीस मिनिटं झाली तरी फरक नाही. कारण त्या घरात साखरेच्या डब्यात साखरच नव्हती, सहा महिन्यांपूर्वीच सगळ्या घराने पावडर सुरू केली होती! गोड लागलं, पण रक्तात काही गेलंच नाही. शेवटी शेजारणीने साखरेचं पाणी आणलं.

तेव्हा चहातली साखर जरूर काढा, पण खरी साखर घरात ठेवा. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात. १५ मिनिटांनी परत तपासा, नसेल चढली तर परत द्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे उशीर होतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणि हे नीट वाचा. बऱ्याच जणांना तिहेरी गोळी असते, एकात तीन औषधं. पट्टीवर बारीक अक्षरात 'व्होग्लिबोस' लिहिलंय का बघा. हे औषध (अकार्बोससुद्धा) आतड्यात साखर फुटायची क्रिया लांबवतं, जेवणानंतर चढू नये म्हणून. त्यामुळे या माणसाची शुगर उतरली तर साध्या साखरेचा गुण यायला उशीर लागतो. तिथे ग्लुकोज पावडरच लागते, ती आधीच फुटलेली असते. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर मात्र जेवण लांबवू नका. दिवसात दोनदाच जेवायचा प्रयोग शेजाऱ्याचं बघून डॉक्टरांना न विचारता सुरू करणारे दर महिन्याला दोन तरी येतात माझ्याकडे, घामाघूम.

ओवी_मिरज | बुधवार, रात्री १०:२५

औषधवाली ताई, आत्ता उठून पट्टी बघितली. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोस. तिन्ही. १४ वर्षांत हे कोणी सांगितलं नाही. उद्या सकाळी पहिलं काम ग्लुकोज पावडर. एक पुडी आईच्या पर्समध्ये, ती मंदिरात एकटी जाते.

खारवडी | गुरुवार, सकाळी ७:४५

हा प्रतिसाद जपून ठेवतोय. ओवी, रविवारसाठी दोन गोष्टी. आधी कोशिंबीर आणि उसळ खायला लाव, पोळी नंतर. नुसता क्रम बदलला की माझा आकडा वीसेकने कमी येतो. आणि जेवून लगेच आडवं होऊ देऊ नको, पंधरा मिनिटं चालव. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या नाही.

चिंचगूळ | गुरुवार, सकाळी ९:००

अवांतर: बाजारातली "शुगर-फ्री" मिठाई आणू नका. माझ्या सासऱ्यांनी दिवाळीत शुगर-फ्री काजूकतलीचा अर्धा किलोचा डबा निर्धास्त संपवला. त्यात माल्टिटॉल होतं. ते थोडीफार साखर चढवतंच, आणि जास्त झालं की पोट साफ करतं. सासरेबुवांचा पाडवा कुठे गेला ते लिहीत नाही.

ओवी_मिरज | रविवार, रात्री ९:१५

अहवाल देते.

आईला आदल्या दिवशीच सांगितलं की उद्या तुझं पान सगळ्यांसारखं वाढणार, फक्त आकार माझा. तिने विश्वास ठेवला नाही. पुरण तिनेच वाटलं, निम्मा गूळ बघून "हे काय पुरण म्हणायचं" असं तीनदा म्हणाली, मग जायफळ स्वतःच किसलं. पोळ्या पुरीएवढ्या, एकही फुटली नाही.

पान असं: आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ. मग एक लहान पोळी, वर तूप. कटाची आमटी हवी तेवढी. भात नाही. आमरस बाबांच्या पानात वाटी भरून, आईला त्याच चांदीच्या वाटीत अर्धा, बिनसाखरेचा. ओगराळं माझ्या हातात होतं, तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. दोघी काही बोललो नाही.

नंतर दत्ताच्या देवळापर्यंत जाऊन आलो. दोन तासांनी १८६. १८० च्या आत हवं असं म्हणतात, पण गेल्या आठवड्यात साध्या वरणभातानंतर २२४ होतं. चहातली साखर गेल्याला पाचवा दिवस. मारी अजून दोन आहेत, त्यावर वाटाघाटी चालू आहेत. बुधवारी डॉक्टरांकडे जाणार आहोत, हे सगळं वहीत लिहून.

आई विचारतेय, फ्रिजमधला रस उद्या खराब होईल का. म्हटलं, दादा येणार आहे.

जुनाजाणता | रविवार, रात्री १०:४०

ओवी, छान केलंस पोरी. औषधवाली बाईंना एक विचारायचं होतं. माझ्याही पट्टीवर ते व्होग्लिबोस आहे. आज आमच्या हिने भिंग लावून वाचलं. ग्लुकोज पावडर नेमकी किती चमचे घ्यायची ते परत एकदा लिहाल का, म्हणजे छापून फ्रिजवर लावतो.

कारल्याचा रस चालू आहे.